ठोंबऱ्यांना शोभेल असं नाव

ठोंबरे या आडनावाशेजारी कुठलंही नाव उभं करा, ते बिचारं अंग चोरून उभं राहतं, असं समिधाचं मत होतं. आणि समिधाचं मत म्हणजे मत नसे, निकाल असे. शेलूच्या अंगणवाडीत सेविका म्हणून सतरा वर्षं काढल्यावर नावांच्या बाबतीत आपल्याला कुणी अक्कल शिकवू नये, एवढी तिची साधी अपेक्षा होती. तिच्या हजेरीत सध्या चार आरव होते, तीन अन्वी होत्या, आणि एक मुलगा असा होता की त्याचं नाव घ्यायच्या आधी तिला दम घ्यावा लागे. नाव कसं ठेवू नये याचा एवढा अनुभव अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या गाठीला नसेल.

आणि ठोंबरे हे तर तिचं माहेर. शाळेत मास्तर हजेरी घेताना ‘ठोंबरे’ म्हणाले की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘ठोंब्या’ अशी पुस्ती जोडायचंच. तिचे वडील मोरू ठोंबरे, म्हणजे घरातले आबा, म्हणायचे, आडनाव जड असलेलं बरं, वाऱ्यानं उडत नाय. पण आबा शाळेत गेले होते दोनच दिवस, त्यांना काय कळणार.

तर साजगावला तिच्या भावाला, साईराजला, मुलगी झाली. फोन आला तेव्हा समिधा पोरांची वजनं करत होती. काट्याच्या झोळीतलं पोर तसंच लोंबकळत ठेवून तिनं विचारलं, पोरगी कशी हाय, हर्षाली कशी हाय? मायलेकी दोघी ठणठणीत आहेत म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "नाव माझ्याकडं लागलं. मधी कुणी बोट घालायचं नाय."

हे ती उगाच बोलली नाही. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं ही रीत आहे, आणि साईराजला बहीण एकच. तीन वर्षांपूर्वी साजगावच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिनं अवाक्षर न काढता सही केली होती. त्या कागदात गट नंबर होते, चतुःसीमा होत्या, बारशाचा उल्लेख कुठंही नव्हता. माहेरात तिच्या नावावर हा एवढाच हक्क उरला होता आणि तो सोडायचा तिचा विचार नव्हता.

शिवाय नाव तयार होतं. रेवा. सोळा वर्षांपूर्वी दिवस गेले तेव्हा तिनं ते स्वतःच्या मुलीसाठी शोधलं होतं. मग झाला स्वराज, आणि स्वराजनंतर डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं. स्वराज यंदा दहावीला आहे, त्याला मिसरूड फुटलंय, आणि रेवा अजून तिच्या मनात घडी घालून ठेवलेली आहे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

पण पहिली ठेच लगेच लागली. साईराजनं खोपोलीच्या गुरुजींना विचारलं, तर पोरगी पूर्वाषाढा नक्षत्रावर जन्मलेली निघाली. त्या नक्षत्राची अक्षरं भू, धा, फा आणि ढा. त्यातलं पोरीच्या वाट्याला आलं फा.

समिधानं हे तय्यबाला सांगितलं. तय्यबा अंगणवाडीतली मदतनीस, समिधाहून दोन वर्षांनी मोठी, खिचडी आणि सल्ला दोन्ही न मागता वाढणारी.

"फ वरनं? एवढंच ना," तय्यबा डाव हलवत म्हणाली. "फिझा, फरीन, फौजिया, फरहत, फातिमा. अजून किती पायजेत?"

"अगं, ठोंबऱ्यांच्या घरात शोभायला पायजे."

"मग फाल्गुनी. तुमच्यात तेवढं एकच हाय."

"फाल्गुनी ठोंबरे," समिधानं बोलून पाहिलं. "पोरगी वाटत नाय गं. बँकेतली मॅडम वाटते."

"तू पोरीला नाव शोधतेस का आडनावाला जोडीदार?" तय्यबानं विचारलं.

समिधा म्हणाली, तू खिचडीकडं बघ, खाली लागतेय.

आबांनी फोनवर तिसरा मार्ग सुचवला. त्यांच्या आजीचं नाव फुलाबाई होतं. ते ऐकून हर्षालीला दूध उतरेनासं झालं, असं साईराज सांगतो. शेवटी गुरुजींनीच सोडवलं. राशीचं नाव पत्रिकेत ठेवा, हाक मारायला दुसरं कुठलंही ठेवा, म्हणाले. शास्त्रात भिंत कितीही जाड असली तरी खिडकी ठेवलेली असते.

रविवारी समिधा साजगावला गेली. हर्षालीच्या माहेरी बघणारं कुणी नसल्यामुळे बाळंतपण सासरीच झालं होतं. साईराज तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. कारखान्यात तो चाळीस माणसांना कामाला लावतो, घरात मात्र चार्जरसुद्धा त्याला बायकोला विचारून शोधावा लागतो. तो मोबाईलमध्ये नावांची यादी उघडून बसला होता.

"कियारा," तो म्हणाला. "मायरा. अनाहिता."

"कागदावर नाव कसं दिसतंय त्याला काय अर्थ नाय," आबा म्हणाले. "हाक पाताळगंगेपल्याड जायाला पायजे. चल."

ही आबांची कसोटी होती आणि समिधालाही ती मान्य होती. घरामागे वालाचं शेत. आबा बांधावर उभे राहिले, हात तोंडाशी नेला आणि ओरडले, "कियाराऽऽऽ!"

काही झालं नाही, फक्त घरचा कुत्रा वाघ्या शेपूट हलवत धावत आला. "मायराऽऽऽ!" वाघ्या पुन्हा आला, या वेळी जास्त आनंदानं. अनाहिताला मध्यावरच आबांना ठसका लागला, पण वाघ्यानं तिथंही हजेरी लावली. त्या कुत्र्याला हाक मारणारा माणूस कळायचा, हाक कुणाच्या नावाची याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

पलीकडच्या शेतातून पदूकाकांनी मान वर काढली. "मोरू, कोन हरावलंय रं?"

"नात!"

"आठ दिस नाय झालं जलमून, आन हरावली पन?"

"आबा, आता रेवा म्हणून बघा," समिधा म्हणाली. इतकं सहज म्हणाली, जसं काही आत्ताच सुचलं.

आबांनी हाक मारली. ती हाक वालावरून, बाभळीवरून सरळ गेली, कुठं अडखळली नाही. पदूकाका तिकडून ओरडले, "ही झ्याक हाय! हीच ठेव!"

"रेवा साईराज ठोंबरे," समिधानं पूर्ण म्हणून दाखवलं. "पुढं हलकं, मागं भक्कम. आणि ह्याची मोडतोड करून करून काय करतील लोक? रेवी म्हणतील. म्हणू देत."

मागच्या दारात हर्षाली बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं समिधानं धरून चाललं. घरातल्या सुनेच्या बाबतीत सगळेच ते धरून चालतात. परतीच्या वाटेवर समिधा ते नाव पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती. कुणीतरी आता मोठ्यानं, उघड्यावर, रोज ‘रेवा’ म्हणणार होतं.

बाराव्या दिवशी बारसं. समिधा सकाळीच साजगावला पोचली, पिशवीत स्वतः शिवलेली कुंची आणि चांदीचे वाळे. नवरा आणि स्वराज मागून येणार होते. घरात घुगऱ्यांचा वास होता. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि मागच्या भिंतीवर एक जांभळा चकचकीत पडदा सोडला होता. पडद्याला दोरी होती. अंगणवाडीतल्या बाईला पडद्यामागे काय आहे हे पाहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथं बहुधा कुणीतरी खडू खात बसलेलं असतं. तिनं कोपरा उचलला.

मागे आठ सोनेरी फुगे होते, इंग्रजी अक्षरांचे, ओळीनं चिकटवलेले. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं. साहर्षी.

"ताई!" साईराज धावत आला. "ते सरप्राईज होतं गं."

"हे कोण?"

"आपली पोरगी. साईराजमधला सा आणि हर्षालीमधला हर्ष. आम्ही दोघांचं मिळून केलंय." त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. त्यावर तेच नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. "कानात तूच सांगायचं हाय. मान तुझाच."

"असली जोडकामं माझ्या अंगणवाडीत सात हायत," समिधा म्हणाली. "एकाचा तर बापच त्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो. आणि मान कसला रं? बातम्या वाचणारी बाई बातम्या वाचते, म्हणून काय बातम्या तिच्या असतात? रेवाचं काय झालं?"

"तुला सांगणार होतो," साईराज पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "पण तू रागवशील म्हणून नाय सांगितलं."

"मग आता काय मी हसतेय?"

ती तरातरा अंगणात आली. आबा उखळापाशी बसून नारळ सोलत होते. लेकीचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं, कारण कालपासून फुगे फुगवायला तेच बसले होते. त्यांनी सोललेला नारळ बाजूला ठेवला आणि अगदी मायेनं बोलले.

"सोने, पोरीच्या नावासाटी येवडा जीव नको काढू. ठोंबरे तिला जलमभर चिकटून ऱ्हानार हाय का? उद्या लगीन हुईल, आडनाव जाईल, नाव पन जाईल. तुझं नाय गेलं?"

आबांनी समजूत घातली होती, आणि ती बरोबर दुखऱ्या जागेवर बसली होती.

समिधाचं मूळ नाव सोनुबाई. पणजीचं नाव, आबांनी हौसेनं ठेवलेलं. वीस वर्षांपूर्वी लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ती समोर बसलेली, त्यामुळे तिला ते उलटं दिसत होतं. आपलं नवं नाव तिनं उलट्या बाजूनं, एकेक अक्षर लावत वाचलं. समिधा. सासूबाईंचं म्हणणं असं की सोनुबाई तरे म्हणजे कुणीतरी म्हातारी वाटते, आमच्या आडनावाला जरा बरं दिसेल असं पाहिजे. त्यांचंही खोटं नव्हतं. शाळेत तिला स्वतःलाच त्या नावाची लाज वाटायची. म्हणून ती हसली, करवल्यांनी टाळ्या वाजवल्या. तय्यबाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली होती, तुमच्यात मजा हाय, लगीन लागलं की बाईचं बारसं दुसऱ्यांदा होतं.

मजाच होती. मग दोन महिन्यांनी खोपोलीच्या बाजारात मागून कुणीतरी ‘सोनू, ए सोनू’ म्हणून हाका मारत राहिलं आणि ती वांगी निवडत राहिली. शेवटी वर्गातल्या मैत्रिणीनं येऊन खांदा धरला, तेव्हा तिला कळलं की ती सोनू म्हणजे आपण. घरी येईपर्यंत तिला रडू आवरलं नव्हतं, आणि कशाचं रडू ते नवऱ्याला सांगता आलं नव्हतं.

आता मात्र तिला रडू आलं नाही, संताप आला. तिथं विचारलं नाही, इथंही विचारत नाहीत. साईराजशी बोलण्यात अर्थ नव्हता, तो फुग्यांच्या पक्षाचा होता. ती सरळ आतल्या खोलीत गेली.

हर्षाली खाटेवर बसून बाळाला काजळ लावत होती. बाळ झोपेतच तोंड वाकडं करत होतं.

"मला निदान आधी सांगायचं होतंस," समिधा म्हणाली. "मी काय परकी हाय? सगळ्या गावासमोर हातात चिठ्ठी घेऊन वाचू का आता?"

"रागवा ताई, तुमचा हक्क हाय," हर्षाली म्हणाली. तिनं काजळाची डबी बंद केली. "पण खरं सांगू? मला पण ते नाव नाय आवडत."

"मग कशाला ठेवताय?"

"ह्यांनी इचारलं, दोघांचं मिळून करू या का. मला वाटलं, बरं हाय, पोरीच्या नावात थोडी मी असंन. मी हो म्हणाले. मग एका दुपारी बसून ते लिहून बघितलं. सा ह्यांचा. हर्ष..." ती थांबली. "हर्ष माझा कुठं हाय, ताई? तो तर तुमी दिलेला."

समिधाला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि समजलं तसं कानापासून मानेपर्यंत सगळं गरम झालं.

चार वर्षांपूर्वी साईराजच्या लग्नात आई हयात नव्हती. म्हणून सुनेचं नवं नाव ठरवायचा मान समिधाकडे आला होता. मुलगी मुरबाडकडची, नाव कोमल. कोमल ठोंबरे! समिधाला हसू आवरलं नव्हतं. दारावरची पाटी वाचून पोस्टमन हसेल, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. तीन दिवस डोकं शिणवून तिनं ठोंबऱ्यांना पेलेल असं ‘हर्षाली’ शोधून काढलं, कागदावर लिहून साईराजच्या हातात दिलं आणि त्यानं ते तांदळात उतरवलं. मुलीला विचारावं, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. समोर बसून त्या मुलीनंही आपलं नवं नाव उलटंच वाचलं असणार.

"तुमचं वाईट नव्हतं मनात," हर्षाली म्हणाली. "माहीत हाय मला. आणि सवय पण झाली. आधारवर तेवढं जुनंच हाय, त्याची गंमत सांगू? पोरगी झाली तेव्हा नर्स दारात येऊन वरडत होती, कोमल ठोंबरेचं कोण हाय, मुलगी झालीय. हे समोरच बाकड्यावर बसलेले. उठलेच नाय! इकडंतिकडं बघत बसले, ही कोण म्हणून. तीन हाका मारल्या तिनं. बाप झालेलं ह्यांना पाच मिनटं उशिरा कळलं."

ती हे हसून सांगत होती. समिधाही हसली, हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि खाटेच्या कडेला बसून तिनं हर्षालीचा काजळ लागलेला हात हातात घेतला.

"माझं चुकलं गं," ती म्हणाली. "माझं जे झालं तेच मी तुझं केलं, आणि वर शाबासकी पण घेतली. लाज वाटतेय मला."

एवढं बोलायची समिधाला सवय नव्हती आणि ऐकायची हर्षालीला.

"तुला कुठलं आवडतं?" समिधानं विचारलं.

"जाऊ द्या ना."

"सांग तर."

"जुई," हर्षाली म्हणाली. "आमच्या दारात वेल होता. पण जुई ठोंबरे..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना एकदम हसू फुटलं. बाळ दचकून जागं झालं.

"नाय शोभत ना?" हर्षालीनं बाळाला थोपटत विचारलं.

"अजाबात नाय," समिधानं प्रामाणिकपणे सांगितलं.

रेवा तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. या घडीला तिनं नुसतं ‘रेवा कसं वाटतं’ म्हटलं असतं तर समोरची पोर हो म्हणाली असती. सुना म्हणतात हो. म्हणूनच समिधानं ते म्हटलं नाही. गिळायला जड गेलं, पण गिळलं.

दुपारी बायका जमल्या. वरवंट्याला टोपडं घालून तो आधी पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवून झाला, मग बाळाची तशीच फेरी झाली. बाळानं या सगळ्यावर एकच जांभई दिली. पुरुषमंडळी ओटीवर दाटीनं उभी होती, पुढं आबा आणि पदूकाका. साईराज पडद्याची दोरी धरून तयार होता, जणू झेंडावंदन आहे. टेबलावर केक होता आणि त्यावरही साखरेच्या अक्षरात साहर्षी होती.

समिधा पाळण्यात वाकली. मागे बायकांनी हात उगारले, कारण आत्या कानात बोलत असताना तिच्या पाठीत धपाटे घालायचा हक्क त्यांना वर्षातून एखाददुसऱ्याच वेळी मिळतो. "कुर्रर्र," समिधा बाळाच्या कानात म्हणाली, आणि पुढचं काय म्हणाली ते धपाट्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. धपाटे चांगले सणसणीत होते. आज तिला ते कमीच वाटले.

ती सरळ उभी राहिली, पदर सावरला. "काय नाव ठेवलं आत्याबाईंनी?" सगळ्यांनी गलका केला.

"आधी आईचं नाव ऐका," समिधा म्हणाली. अंगणवाडीतल्या तीस पोरांना एका हाकेत गप्प बसवणारा तिचा आवाज, सगळं घर गप्प झालं. "बाळाची आई कोमल साईराज ठोंबरे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी हळूच विचारलं, "कोमल कोन?"

"ही," समिधानं हर्षालीचा दंड धरून तिला पुढं आणलं. "आईबापानं ठेवलेलं चांगलं नाव होतं तिला. चार वर्षांमागं मी ते बदललं, तिला न विचारता. आज माझा मान हाय, म्हणून आज ते परत देतेय. आणि पोरीचं नाव पोरीची आई सांगंल."

साईराजच्या हातातली दोरी तशीच राहिली. तो बायकोकडे बघत होता. "तू कधी बोलली नायस," तो म्हणाला.

"तू कधी इचारलं नायस," ती म्हणाली. चारचौघांत नवऱ्याला ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती, आणि हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

आबा ओटीवरून पुढं झाले. ते म्हणाले, "कोमल, बोल गं बाय. समदी थांबल्यात." ‘कोमल’ म्हणताना त्यांची जीभ जरा अडखळली, पण म्हणाले.

"जुई," कोमल म्हणाली. पुटपुटलीच. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, या वेळी ओटीपर्यंत ऐकू गेलं. "जुई ठेवलंय."

"ताई, पण फुगे..." साईराज कळवळला.

"फुगे ऱ्हाऊ दे पडद्यामागं."

"आणि केक?"

"केकवरचं पोटात जाईल. सोड ती दोरी."

त्यानं दोरी सोडली. घुगऱ्यांची पातेली पुढं सरकली, बायका पाळणा हलवून बघायला लागल्या. पदूकाकांना मात्र राहवेना. ते ओटीवरून वाकले आणि चिंतेनं म्हणाले, "सोनू, खरं सांग, कसं गं वाटतंय ह्ये? जुई ठोंबरे! नाव येवडंसं आन आडनाव केवडं. शोभत नाय."

समिधानं पाळण्यातून पोर उचललं आणि कोमलच्या हातात दिलं.

"नाय शोभत, काका," ती म्हणाली. "आडनावाला होईल सवय."